अपघातस्थळी कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी ठरायला हवे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

महामार्गावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याची कारणे येतात. कधी वेग, कधी चालकाची डुलकी, कधी फुटलेला टायर, तर कधी अंधारात चुकीच्या जागी उभा असलेला ट्रक. ही चर्चा आवश्यक आहे. मात्र धडक झाल्यापासून रस्ता पुन्हा मोकळा होईपर्यंतच्या काही तासांत घटनास्थळी काय घडले, आधी कोण पोहोचले, कोणी कोणाला काय सांगितले आणि कोणाची गाडी कोणाच्या आड आली, याबद्दल सहसा एक ओळही छापून येत नाही. मी अग्निशमन दलात अनेक वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. याच तासांत काही जीव वाचतात, काही हकनाक जातात आणि मदतीला धावलेल्यांपैकीही कोणीकोणी परत येत नाहीत, हे जवळून पाहिले असल्यामुळे आपल्या वाचकांपुढे हा विषय मांडावासा वाटतो.

माणसे, गाड्या आणि यंत्रे यांची टंचाई असते आणि ती दूर व्हायलाच हवी. पण पुष्कळदा सारे काही हजर असूनही काम अडते, कारण त्या जागी अखेरचा शब्द कोणाचा, कोणती गाडी कुठे उभी राहणार आणि कोण कोणाशी वायरलेसच्या कोणत्या वाहिनीवर बोलणार, हे आधी ठरलेले नसते. रक्तस्राव होत असलेला माणूस समोर असताना आणि बाजूने अवजड वाहने वेगाने जात असताना या गोष्टी ठरवता येत नाहीत. त्या अपघातापूर्वी, सर्व यंत्रणांनी एकत्र बसून, लेखी ठरवाव्या लागतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

साध्या वाटणाऱ्या अपघातालाही किती यंत्रणा लागतात ते पाहावे. पोलीस येतात, अग्निशमन दल येते, रुग्णवाहिका येते, रस्त्याची देखभाल करणाऱ्या संस्थेचे गस्ती पथक येते, क्रेन येते. टँकर असेल तर रसायनाचे जाणकार बोलवावे लागतात. या सगळ्यांच्या मागे कुठेतरी नियंत्रण कक्षात बसलेली माणसे असतात, ज्यांना घटनास्थळ दिसत नाही आणि ज्यांना फक्त दूरध्वनीवरच्या घाबऱ्या आवाजावरून अंदाज बांधायचा असतो. यांतला प्रत्येक जण आपापल्या कामापुरता बरोबर असतो. एक मार्गिका चालू राहिली नाही तर मागे दहा किलोमीटर रांग लागेल आणि तिच्या टोकाला दुसरा अपघात होईल, हे पोलीस जाणतात. गाडी कापायला दोन मार्गिकांची जागा लागते, हे अग्निशामक जाणतो. रुग्णवाहिकेला बाहेर पडायची वाट हवी असते, तपास अधिकाऱ्याला कोणी काही हलवू नये असे वाटते, आणि क्रेन बहुधा त्याच रांगेत मागे अडकलेली असते. पाच योग्य हेतू एकमेकांच्या आड येतात आणि त्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. रात्रीची वेळ होती आणि पाऊस पडत होता. मालवाहू ट्रक दुभाजकावर चढून कलंडला होता आणि चालकाचे दोन्ही पाय डॅशबोर्डखाली दबले होते. आमचा बंब पोहोचला तेव्हा रुग्णवाहिका आधीच ट्रकच्या अगदी पुढ्यात, केबिनला खेटून उभी होती. तिच्या चालकाने रुग्णाच्या शक्य तितके जवळ जावे या चांगल्या भावनेनेच ती तिथे आणली होती. हायड्रॉलिक स्प्रेडर, म्हणजे चेपलेला पत्रा फाकवणारे यंत्र, लावायला केबिनसमोर जागा हवी होती, म्हणून तिला मागे घेणे आले. पण तोवर तिच्यामागे गस्ती पथकाची जीप आणि जीपमागे क्रेन येऊन थांबली होती. क्रेनच्या चालकाकडे वायरलेस नव्हता. पोलिसांची वाहिनी वेगळी, आमची वेगळी, रुग्णवाहिकेचा संपर्क तिच्या कक्षाशी आणि तोही मोबाइलवर. शेवटी आमचा एक जवान पावसात धावत जाऊन प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करून सांगत सुटला, तेव्हा कुठे गाड्या हलल्या. तेवढा सगळा वेळ डॉक्टर चालकाचा हात धरून त्याला बोलते ठेवत होते. तिथे कोणीही कामचुकार नव्हते. आधी ठरलेले काही नव्हते, इतकेच.

जखमीच्या दृष्टीने या वेळेची किंमत फार मोठी आहे. गंभीर जखमेनंतरच्या पहिल्या तासाला सुवर्ण तास म्हणण्याची पद्धत बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक ॲडम्स काउली यांच्यामुळे रूढ झाली. साठाव्या मिनिटाला काही जादूची रेषा नसते. श्वासमार्ग बंद झालेल्या माणसाकडे तासभर नसतो, त्याच्याकडे काही मिनिटेच असतात, आणि आतून रक्तस्राव होणाऱ्याला लवकरात लवकर शस्त्रक्रियागृह गाठावे लागते. म्हणूनच गाड्या मागेपुढे करण्यात गेलेली दहा मिनिटे अहवालात दिसत नसली तरी रुग्णालयात दिसतात.

समन्वयाची सुरुवात पहिल्या खबरीपासून होते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर कोणत्या किलोमीटरच्या खांबाजवळ आणि कोणत्या दिशेच्या बाजूला, या दोन गोष्टी कळल्या नाहीत तर मदत पलीकडच्या बाजूला पोहोचते आणि पुढच्या वळणमार्गापर्यंत जाऊन परत फिरण्यात अमूल्य वेळ जातो. ब्रिटनमध्ये घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचणाऱ्याने, तो कोणत्याही दलाचा असो, कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यायची हे ठरलेले आहे. घटना मोठी आहे काय, नेमके ठिकाण कोणते, अपघात कोणत्या प्रकारचा, धोके कोणते, पोहोचायची वाट कोणती, जखमी किती आणि कोणत्या यंत्रणा आल्या आहेत किंवा हव्या आहेत, असा तो क्रम आहे. यातली पोहोचायची वाट मला विशेष महत्त्वाची वाटते. पहिल्या माणसाने कोणत्या बाजूने यायचे हे सांगितले नाही, तर प्रत्येक गाडी आपल्या चालकाच्या अंदाजाने येते आणि मी वर सांगितला तो प्रसंग पुन्हा घडतो.

यानंतर प्रश्न येतो तो गाड्या उभ्या करण्याचा. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ बाब वाटेल. आमच्या कामात ती जीवनमरणाची आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. धोका दिसून, मेंदूने तो ओळखून, ब्रेक दाबून गाडी थांबेपर्यंत रस्त्याच्या आराखड्यात या वेगासाठी सुमारे १८५ मीटर अंतर धरले जाते, आणि हे लक्ष रस्त्यावर असलेल्या चालकाचे गणित आहे. म्हणून पहिली मोठी गाडी, शक्यतो बंब, अपघाताच्या अलीकडे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला तिरपी उभी करायची असते. तिची पुढची चाके काम चाललेल्या जागेपासून बाहेरच्या दिशेला वळवलेली हवीत, म्हणजे मागून कोणी धडकलेच तर ती गाडी माणसांच्या अंगावर ढकलली जाणार नाही. पंपाची बाजू वाहतुकीच्या उलट दिशेला यावी. रुग्णवाहिका अपघाताच्या पलीकडे, बंबाच्या आडोशाला उभी राहावी, तिचा मागचा दरवाजा चालत्या मार्गिकेकडे उघडू नये, आणि तिच्या पुढे निघून जायला वाट मोकळी असावी. शंकू ठेवणाऱ्याने ते ठेवताना वाहतुकीकडे पाठ करू नये. रात्रीच्या वेळी उभ्या गाड्यांचे हेडलाइट येणाऱ्या चालकांच्या डोळ्यांवर येत असतील तर ते बंद करावेत, कारण त्या झोतात परावर्तक जॅकेट घातलेला माणूससुद्धा दिसेनासा होतो. गाड्यांवरचे लुकलुकणारे दिवे जितके जास्त तितकी सुरक्षा जास्त, हा समजही खरा नाही. खूप दिवे एकाच वेळी लुकलुकू लागले की नेमकी वाट कुठून आहे ते चालकाला उमगत नाही.

मात्र हे सर्व एकट्या अग्निशमन दलाने शिकून भागत नाही. आमचा बंब तिरपा लागलेला पाहून पोलिसाने तो हलवायला सांगितला, कारण त्याला तो रस्ता अडवणारा दिसला, असे घडते. त्याचे प्रशिक्षण वेगळ्या हेतूने झालेले असते. दोघांना एकाच वर्गात बसवून एकच आकृती शिकवली असती तर त्या वादाला जागाच उरली नसती.

दुसऱ्या अपघाताबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पहिल्या अपघातामुळे मागे रांग लागते, रांगेचे शेपूट मागे मागे सरकत जाते आणि एखाद्या वळणाच्या किंवा चढाच्या आड ते पोहोचले की पूर्ण वेगाने आलेले वाहन त्यात घुसते. अशा दुसऱ्या धडकेत पुष्कळदा पहिल्यापेक्षा अधिक माणसे दगावतात. यावर उपाय माहीत आहे. इशारा देणारे वाहन अपघाताजवळ न ठेवता रांगेच्या शेपटाच्या अलीकडे ठेवायचे आणि शेपूट जसे मागे सरकेल तसे त्यालाही मागे सरकवायचे. त्या वाहनातल्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नये. पण हे काम कोणाचे, पोलिसांचे की रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेचे, हे ठरलेले नसेल तर ते कोणीच करत नाही. अमेरिकेच्या रस्ता-चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत अपघातांची वर्गवारी ते किती वेळ रस्ता अडवतील यावरून केलेली आहे. ३० मिनिटांपर्यंतचा किरकोळ, ३० मिनिटे ते २ तासांचा मध्यम आणि २ तासांहून अधिक वेळाचा मोठा. या वर्गवारीमुळे पहिल्या काही मिनिटांतच अंदाज बांधून, मोठा अपघात असेल तर लांबच्या फाट्यावरच वाहतूक वळवायची, फलक लावायचे, जादा माणसे मागवायची, असा निर्णय घेता येतो. अंदाज चुकला तर तो बदलता येतो. अंदाजच न बांधणे अधिक धोक्याचे आहे.

आता मुख्य प्रश्न, सूत्रे कोणाच्या हाती असावीत हा. याचे उत्तर जगाने बरीच किंमत मोजून शोधलेले आहे. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांनी तेरा दिवसांत सोळा बळी घेतले आणि सातशेहून अधिक इमारती जाळल्या. मागाहून तपासणी झाली तेव्हा अनेक दलांकडे साधने असूनही प्रत्येकाची परिभाषा वेगळी, वायरलेस एकमेकांशी न जुळणारे, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली झेपणार नाहीत इतकी माणसे आणि एकत्रित योजना कुठेच नाही, असे दोष आढळले. त्यातून त्या दशकात घटना-नियंत्रणाची एक पद्धत तयार झाली, आणि २००४ मध्ये अमेरिकेने ती देशभरच्या आपत्कालीन कामासाठी स्वीकारली. तिची तत्त्वे साधी आहेत. घटनास्थळी नियंत्रणाची एकच जागा असते. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली थेट तीन ते सात जणच असतात, शक्यतो पाच. प्रत्येक माणसाला एकच वरिष्ठ असतो. सर्वांनी साधी, सांकेतिक खुणांशिवायची भाषा वापरायची असते.

अनेक यंत्रणांचा संबंध येतो तेव्हा या पद्धतीत संयुक्त नियंत्रणाची तरतूद आहे आणि महामार्गासाठी तीच योग्य आहे असे माझे मत आहे. पोलिसांनी अग्निशमन अधिकाऱ्याच्या हुकमात काम करावे किंवा डॉक्टरांनी पोलिसांच्या, असा तिचा अर्थ नाही. प्रत्येक यंत्रणेचा प्रमुख एकाच ठिकाणी, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर उभा राहतो; सगळे मिळून एकच योजना ठरवतात आणि प्रत्येक जण आपल्या माणसांना ती आपल्या तोंडून सांगतो. मतभेद झाला तर अखेरचा शब्द कोणाचा, हे कामाच्या टप्प्यानुसार आधीच लिहून ठेवलेले असते. आग, गळती किंवा अडकलेली माणसे असेपर्यंत अग्निशमन दलाचा. जखमी बाहेर आल्यावर त्यांच्या क्रमाबद्दल आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे याबद्दल वैद्यकीय प्रमुखाचा. त्यानंतर तपासापुरता पोलिसांचा. आणि शेवटी रस्ता मोकळा करण्याच्या कामात रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेचा. सूत्रे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती वायरलेसवरून सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने सांगून द्यावीत. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांच्या संयुक्त कामासाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातही पाच तत्त्वांपैकी पहिले तत्त्व प्रमुखांनी एकाच जागी येऊन उभे राहावे हेच आहे. वायरलेसच्या वाहिन्या जुळत नसतील तरी माणसे शेजारी उभी असली की निम्मे काम होते, हा माझा अनुभव आहे.

नियंत्रण विभागलेले असेल तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण मों ब्लां बोगद्याचे आहे. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा हा ११.६ किलोमीटर लांबीचा बोगदा १९९९ पर्यंत दोन संस्था चालवत असत. प्रत्येकीकडे अर्धा बोगदा आणि प्रत्येकीचा स्वतंत्र नियंत्रण कक्ष. २४ मार्च १९९९ रोजी मार्गारीन आणि पीठ घेऊन निघालेल्या मालट्रकने बोगद्याच्या मध्यभागी पेट घेतला. या मालाला धोकादायक माल समजण्याचे कोणाला कारण नव्हते. प्रत्यक्षात तो माल दोन दिवसांहून अधिक काळ जळत राहिला आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यात मदतीसाठी आत शिरलेला एक अग्निशमन अधिकारीही होता. आग लागलेली असताना इटलीच्या बाजूने ताजी हवा आत सोडली जात राहिली आणि धूर फ्रान्सच्या बाजूला अडकलेल्या लोकांवर लोटला गेला. एकाच बोगद्यातल्या वाऱ्याबद्दल दोन कक्षांत दोन निर्णय झाले. २००२ मध्ये बोगदा पुन्हा खुला झाला तो एकाच व्यवस्थापनाखाली. २००४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या प्रमुख रस्त्यांवरच्या पाचशे मीटरहून लांब बोगद्यांसाठी किमान सुरक्षेचे निर्देश काढले. त्यांत चार वर्षांतून किमान एकदा सर्व यंत्रणांचा पूर्ण स्वरूपाचा सराव आणि मधल्या प्रत्येक वर्षी अंशतः सराव बंधनकारक केला.

उघड्या महामार्गावर धूर असा कोंडत नाही, पण अधिकार विभागलेला असण्याचा दोष तिथेही तोच असतो. टँकरच्या अपघातात तो सर्वांत ठळकपणे दिसतो. टँकरच्या फलकावरचा चार आकडी क्रमांक आत काय आहे ते सांगतो. १२०३ म्हणजे पेट्रोल आणि १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप वायू. हा क्रमांक दुर्बिणीने, दुरूनच वाचायचा असतो आणि वाचणाऱ्याने तो लगेच सर्वांना कळवायचा असतो. द्रवरूप वायूचा टँकर आगीत सापडला असेल तर सर्व दिशांना १,६०० मीटरपर्यंत माणसे हटवावीत, अशी उत्तर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आपत्कालीन मार्गदर्शिकेची सूचना आहे. किती अंतर मोकळे करायचे हे अग्निशमन अधिकारी सांगू शकतो, पण ते मोकळे करण्याची ताकद त्याच्याकडे नसते; ती पोलिसांकडे असते. वारा कोणत्या दिशेला आहे हे कळल्याशिवाय रुग्णवाहिकांनी कुठे थांबायचे ते ठरत नाही. रस्त्याच्या कडेचे गटार कुठे जाऊन मिळते हे फक्त रस्ता सांभाळणारा अभियंता जाणतो, आणि गळणारे रसायन ओढ्यात पोहोचू द्यायचे नसेल तर तो माणूस पहिल्या अर्ध्या तासात तिथे हवा. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे यात एक नवी काळजी आली आहे. त्यांतल्या नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात आणि त्या कापायच्या नसतात. विझलेली बॅटरी कित्येक तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते. हे गाडी ओढून नेणाऱ्याला सांगितले नाही, तर तो ती गाडी इतर गाड्यांना खेटून उभी करतो.

अनेक वाहने एकमेकांवर आदळलेल्या अपघातात जखमींची वाटणी हा आणखी एक नाजूक विषय असतो. किरकोळ जखमा झालेले, स्वतः चालू शकणारे लोक मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात आधी पोहोचतात आणि ज्याला खरोखर तातडीची गरज आहे तो पोहोचेपर्यंत तिथली जागा भरून गेलेली असते. लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशा रंगांच्या पट्ट्यांनी कोणाला आधी उपचार हवेत याप्रमाणे जखमींची निवड करण्याच्या पद्धती अनेक देशांत रुळल्या आहेत, पण पट्टी बांधल्यानंतर कोणता रुग्ण कुठे पाठवायचा हे नियंत्रण कक्षाशी बोलून ठरवणारा एक माणूस घटनास्थळी असेल तरच त्या पट्टीचा उपयोग होतो.

रस्ता मोकळा करण्याच्या कामाला दुय्यम मानले जाते, ते मला पटत नाही. एका दिशेच्या तीन मार्गिकांपैकी एक बंद झाली तर क्षमता दोन तृतीयांश उरेल असे वाटते. प्रत्यक्षात, वाहने दबकत जात असल्यामुळे आणि चालक पाहायला मान वळवत असल्यामुळे, ती निम्म्यावर येते. त्या रांगेत दुसऱ्या रुग्णवाहिका असतात, तान्ही मुले असतात आणि पुढच्या अपघाताचे बळीही असू शकतात. नेदरलँड्समध्ये अपघाताची खबर मिळताच गाडी ओढून नेणारे वाहनही रवाना होते. पोलीस येऊन पाहतील आणि मग बोलावतील, अशी वाट पाहिली जात नाही. क्वचित ते रिकामे परत जाते, पण तो खर्च रस्ता अडून होणाऱ्या नुकसानीपुढे नगण्य असतो. तपासाच्या कामालाही यामुळे बाध येण्याचे कारण नाही. चाकांच्या जागा खडूने आखून आणि ड्रोनने छायाचित्रे घेऊन वाहने हलवता येतात. माणूस सोडवताना आम्ही दरवाजा कापला, आसन मागे सरकवले किंवा गिअर न्यूट्रलला आणला, तर ते तिथल्या तिथे पोलिसांना सांगण्याची आणि त्यांनी ते नोंदवण्याची सवय दोन्हीकडे हवी. एरवी महिन्यांनी न्यायालयात ते आसन कोणी हलवले, यावरच सारा वाद होतो.

सामान्य वाहनचालकाचाही यात वाटा आहे. जर्मनीत महामार्गावरची वाहतूक मंदावताच सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतल्या गाड्या डाव्या कडेला आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात आणि मध्ये मदतीच्या गाड्यांसाठी वाट तयार होते. सायरन ऐकू येण्याची वाट पाहिली जात नाही. ऑस्ट्रियाने २०१२ पासून ही पद्धत बंधनकारक केली. अमेरिकेत मदतीच्या वाहनांपासून एक मार्गिका सोडून जाण्याचा किंवा वेग कमी करण्याचा कायदा १९९६ मध्ये एका राज्यातून सुरू झाला आणि २०१२ पर्यंत सर्व ५० राज्यांत आला. भारतात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जखमीला मदत करणाऱ्या नागरिकाला कायदेशीर संरक्षण दिले आहे. मदतीला थांबलेल्या नागरिकाने आपली गाडी कुठे उभी करावी आणि यंत्रणा आल्यावर कोणाला माहिती देऊन बाजूला व्हावे, हेही त्याला शिकवायला हवे.

तेव्हा मागणी नेमकी कोणती, ते सांगतो. महामार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, रस्ता सांभाळणारी संस्था आणि क्रेनवाले यांच्यात एक लेखी करार असावा आणि तो दोन-तीन पानांहून मोठा नसावा, कारण मोठा दस्तऐवज कपाटात जातो. त्यात टप्प्यांनुसार सूत्रे कोणाकडे, गाड्यांच्या जागा कोणत्या आणि शेपटाचा इशारा कोणाकडे, हे लिहिलेले असावे. सर्वांना ऐकू येईल अशी निदान एक समान वाहिनी असावी, आणि ती मिळेपर्यंत प्रत्येक यंत्रणेने आपला एक वायरलेस संच नियंत्रणाच्या जागी आणून ठेवावा. घटनास्थळी प्रमुख कोण ते त्याच्या जॅकेटवरच्या मोठ्या अक्षरांवरून दुरून कळावे. सराव रात्रीचा असावा, पावसातला असावा आणि त्यात क्रेनच्या चालकालाही बोलवावे. सकाळच्या उन्हात पाहुण्यांसमोर केलेल्या सरावातून फारसे काही शिकता येत नाही.

प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आठवड्याच्या आत सर्व यंत्रणांनी एकत्र बसून, कोणाला दोषी न ठरवता, काय घडले याचा आढावा घ्यायला हवा. दोष शोधणारी चौकशी वेगळी ठेवावी. ती याच बैठकीत मिसळली की कोणी खरे बोलत नाही. आढाव्यासाठी चार वेळांची नोंद असावी, खबर मिळाली ती, पहिली मदत पोहोचली ती, पहिली मार्गिका सुरू झाली ती आणि शेवटचे वाहन हटवले ती. या वेळा आज वेगवेगळ्या नोंदवह्यांत वेगवेगळ्या घड्याळांप्रमाणे लिहिल्या जातात आणि त्या एकत्र करून कोणी पाहत नाही.

इथे आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती करतो. महामार्गावरील अपघाताची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी या चार वेळा संबंधित यंत्रणांना विचाराव्यात, मिळाल्या तर छापाव्यात आणि मिळाल्या नाहीत तर मिळाल्या नाहीत असे छापावे. घटनास्थळी सूत्रे कोणाकडे होती, हेही विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अग्निशमन अधिकारी